लाल ठिपक्याचा मोह

"ताई, हे चालत नाही. उतरवा."

तपासणीच्या टेबलावरचा मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा होता. पिंगळीहून पहाटे निघाले होते, फी भरली होती, महिनाभर सराव केला होता. आणि पिस्तुलावर लावलेली ती इवलीशी रेड डॉट साइट उतरवली तरी उपयोग नव्हता. कारण ती बसवण्यासाठी मी मूळची मागची साइट काढली होती आणि ती घरी, शिवणाच्या डब्यात पडली होती. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांची नेमबाजी बघितली.

पिस्तूल खरं तर लेकीचं. परभणीला कॉलेजात असताना तिला एनसीसीत ही गोडी लागली आणि माझ्या भिशीच्या पैशातून आम्ही साधं, स्प्रिंगचं, 4.5 मिलिमीटर छर्ऱ्याचं पिस्तूल घेतलं. ती नोकरीला पुण्याला गेली. मी एकदा हातात घेतलं ते घेतलंच. आमच्या पडवीपासून जुन्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत बरोबर 10 मीटर भरतात. भिंतीला जाड फळी, तिच्यापुढे वाळूचं पोतं, दाराला आतून कडी. आणि हो, छर्रे शिशाचे असतात, तेव्हा कणकेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचेच.

अडचण डोळ्यांची होती. नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य अशा तीन गोष्टी असतात. त्यात माशी स्वच्छ दिसायला हवी. चाळिशीनंतर नेमकी तीच पुसट होते. रेड डॉटमध्ये हा खटाटोपच नाही. एक छोटा दिवा तिरप्या काचेवर ठिपका पाडतो आणि तो लांब, लक्ष्यावरच असल्यासारखा दिसतो. लेझरसारखा किरण बाहेर जात नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका लक्ष्यावर आणायचा, घोडा ओढायचा. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये असली इलेक्ट्रॉनिक साइट पहिल्यांदा बाजारात आणली.

मी घेतली ती स्वस्त बघून, ऑनलाइन. पहिली घोडचूक पट्टीची. हवेच्या पिस्तुलावर बहुधा 11 मिलिमीटरची खाच असते आणि बऱ्याच साइटचा पाया त्याहून रुंद पट्टीसाठी केलेला असतो. मग मधला तुकडा वेगळा मागवा. दुसरी ठिपक्याच्या मापाची. ते ‘एमओए’मध्ये सांगतात; 10 मीटरवर एक एमओए म्हणजे जवळजवळ 3 मिलिमीटर. माझा ठिपका सहाचा, म्हणजे 17 मिलिमीटरचा. स्पर्धेच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळच साडेअकरा मिलिमीटरचं! कुंकवाच्या टिकलीवर बांगडी ठेवून टिकली शोधण्यातला प्रकार. दोन-तीनचा ठिपका पुरतो, आणि उजेड कमीत कमी ठेवावा.

बसवताना खाच स्पिरिटने पुसली, दोन्ही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळले. तरी स्प्रिंगच्या धक्क्याने ते सैल व्हायचेच. शेवटी स्क्रू आणि पायावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटली की समजायचं, स्क्रू फिरला. गुलाबी नेलपॉलिशचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

छर्रे एका जागी पडायला लागले आणि मी हरखून गेले. विकणाऱ्याने "सगळीकडं चालतं" म्हटलं, मीही नियम वाचले नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाला फक्त उघडी साइट चालते. ठिपका, दुर्बीण, लेझर सगळं बाद. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण शूटऑफमध्ये जिंकलं, ते अशाच साध्या खाच-माशीवर. हे मला घरी आल्यावर लेकीने फोनवर सुनावलं.

त्याच नियमात माझी वाटही होती. भिंग पिस्तुलावर लावायचं नाही, पण नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यावर चष्मा लावलेला चालतो. दुसरं एक लक्षात आलं होतं. माझा ठिपका गोल दिसत नव्हता, फराटा मारल्यासारखा दिसायचा. साइट खराब समजून मी मोबाइलने तिच्यातून फोटो काढला, तर फोटोत ठिपका छान गोल! म्हणजे दोष काचेत नाही, माझ्या डोळ्यात. हात लांब करून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं आणि तो आकडा घेऊन परभणीला चष्म्याच्या डॉक्टरांकडे गेले. सिलिंडरचा नंबर निघाला. आता त्या अंतराचा वेगळा चष्मा आहे. माशी दिसते, लक्ष्य धुरकट दिसतं, आणि तसंच दिसायला हवं म्हणे.

परवा साइट विकायची म्हणून पुसून तपासत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला येऊन बसल्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लांबचं आता माझ्यापेक्षा त्यांनाच स्वच्छ दिसतं.

"काय करायलीस गं? बघू दे जरा."

रिकामं पिस्तूल धरून त्यांना ठिपका दाखवला.

"किती सुरेख गोल दिसायलाय! कुंकवासारखा."

मग फळीवर कागद लावला, कडी घातली आणि त्यांचा हात धरला. तिसरा छर्रा काळ्यात लागला. तेव्हापासून साइट विकायचं नाव काढलं की आत्याबाई विषय बदलतात.