ओवाटोना येथील शेतकऱ्यांची बँक

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ओवाटोना हे लहान शहर आहे. तेथील नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्या आराखड्यानुसार १९०८ साली पूर्ण झाली. तांबड्या विटांची चौकोनी वास्तू, दोन बाजूंस भव्य अर्धवर्तुळाकार कमानी, त्यांत रंगीत काचा. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात गवाक्षातून प्रकाश येतो, तसा येथे कमानींतून येतो. आत भिंतींवर गाईंची व कापणीची चित्रे आहेत. शेतकऱ्याला तेथे परके वाटू नये.

पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि १९२६ साली बँक बुडाली. इमारत मात्र आजही उभी आहे. बँकेत काम करणाऱ्या आम्हांस यातून एवढेच उमगते : वास्तू ठेवीदाराचा मान राखते, ठेव राखतो तो सावध व्यवहार. संस्था उभारताना आपण दोन्ही जपू या.