नाव बदलले, ठसा तोच

डिसेंबर २०२१ मध्ये जगभरातल्या संगणक विभागांची झोप उडाली होती. ‘लॉग फोर जे’ नावाच्या एका सॉफ्टवेअर लायब्ररीत गंभीर दोष सापडला होता. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. वारंवार लागणारे काम करून देणारा तयार प्रोग्रॅम. घर बांधणारा विटा स्वतः भाजत नाही, तसेच हे. ‘लॉग फोर जे’चे काम नोंदवही लिहिण्याचे, पण त्या नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवून परका माणूस दूरवरून संगणकाचा ताबा घेऊ शकत होता.

दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. पण आपल्या हजारो फायलींत ही लायब्ररी आहे कुठे? ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात असे, कधी वेगळ्या नावाने. नावावर विसंबून चालणार नव्हते.

अशा वेळी ‘हॅश’ कामी येतो. हा फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. फाइलमधला सगळा मजकूर एका गणिती प्रक्रियेतून जातो आणि ठरावीक लांबीची खूण मिळते. ‘शा-२५६’ पद्धतीत ती ६४ चिन्हांची. फाइल इवलीशी असो की अवाढव्य, लांबी तीच. नाव बदला, ठसा बदलत नाही. आत मात्र एक चिन्ह बदलून पाहा! पहिल्या वेलांटीची दुसरी झाली की ‘दिन’चा ‘दीन’ होतो, हे आम्हा कवींना ठाऊक असते. तरी बाकीची ओळ शाबूत राहते. इथे सबंध ठसाच पालटतो.

अमेरिकेची ‘एनआयएसटी’ ही सरकारी संस्था ज्ञात सॉफ्टवेअर फायलींच्या ठशांचा संग्रह ठेवते. जप्त केलेल्या संगणकातल्या नेहमीच्या फायली तपास अधिकारी त्याच्या आधारे बाजूला काढतात आणि उरलेल्यांकडे लक्ष देतात. २०२१ मध्ये उलट झाले : सदोष आवृत्त्यांच्या ठशांच्या याद्या करून त्याच फायली हुडकल्या गेल्या.

ठसा जुळला, तर फाइल कोणती ते कळते. जुळला नाही, म्हणून धोका टळला असे नाही. कुणी ती लायब्ररी सोडवून आपल्या सामानात मिसळून पुन्हा बांधली असेल, तर ठसा नवा होतो, दोष जुनाच राहतो. शिवाय पद्धतीही थकतात. ‘शा-१’मध्ये दोन वेगळ्या फायलींचा ठसा एकच करता येतो, हे २०१७ मध्ये करून दाखवले गेले.

म्हणून जाणकार ठसे तपासून थांबत नाहीत. गाठोडे सोडून आतले सामानही पाहतात.