प्रॉम्प्टरच्या प्रतीतलं नाटक

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' छापील पुस्तकात सहज वाचायला मिळतं. मात्र १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन (पीडीए) या नाट्यसंस्थेने ते रंगमंचावर आणलं, १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं आणि त्यावरून झालेल्या फाटाफुटीतून थिएटर अकादमी ही नवी संस्था उभी राहिली, हे पुस्तकाची संहिता सांगत नाही. तो निर्णय कसा झाला हे नीट कळायचं तर बैठकीचं इतिवृत्त, सभासदांची पत्रं, तालमीच्या वह्या चाळाव्या लागतात. प्रायोगिक संस्थेचे असे कागद हाच तिच्या नाटकांचा पहिला पुरावा असतो, आणि संहितेइतक्याच काळजीने ते जपले पाहिजेत.

प्रॉम्प्टरची प्रतच घ्या. पेन्सिलीने काट मारलेली वाक्यं, समासात 'ब्लॅकआउट', कुणाची एन्ट्री कुठल्या विंगेतून याची खूण. महाराष्ट्रात नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची मान्यता लागते. मंडळाने मंजूर केलेली प्रत या प्रतीशेजारी ठेवली, तर मंडळाने काय वगळायला लावलं आणि दिग्दर्शकाने तालमीत आपणहून काय गाळलं, हे वेगळं काढता येतं. जमाखर्चाची वहीही तितकीच बोलकी. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, इतर संस्थाही तिथे आल्या. छबिलदासमधली ही प्रायोगिक नाटकांची चळवळ इतकी वर्षं कशी तगली, याचं उत्तर भाडं, दिवे, चहा आणि तिकीटविक्री यांच्या नोंदींतच सापडेल. समीक्षेने या बाजूकडे फारच कमी पाहिलं आहे.

यावर म्हटलं जातं, की नाटक पडद्याबरोबर संपतं, कागदातून ते परत येत नाही. खरं आहे; प्रयोग परत आणण्याचा दावा कुणी करूही नये. पण प्रयोगामागचे निर्णय कागदावर उरतात. मग जुन्या रंगकर्मींच्या आठवणी पुरेशा नाहीत का? शांता गोखले यांनी संपादित केलेल्या मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीच्या मौखिक इतिहासाचं मोल मोठं आहे. तरी आठवणीत वातावरण टिकतं, तारखा आणि रकमा निसटतात. दोन्ही साधनं एकमेकांवर तपासून घ्यावी लागतात. पैसा आणि जागा नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तरी गंजणाऱ्या टाचण्या काढणं, फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावं व तारीख लिहिणं, खराब होत चाललेल्या कॅसेटी आधी डिजिटल करून घेणं, एवढं दोन-तीन कार्यकर्ते मिळून करू शकतात. फोटोतल्या माणसांना ओळखणारं कुणी आहे तोवर नावांचं काम आधी हाती घ्यावं.