विश्लेषण : तालुक्याच्या पेपरांनी टेक्सासच्या नेत्यांना कसे उघडे पाडले? ‘बॉक्स १३’ आणि १९५५ च्या दोन पुलित्झरची गोष्ट

मतदान होऊन सहा दिवस उलटले होते. एका केंद्राचा आकडा अचानक बदलला, ७६५ चे ९६५ झाले आणि हरत आलेला उमेदवार ८७ मतांनी जिंकला. हा उमेदवार पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९४८ साली टेक्सासमध्ये हे घडले, तेव्हा खरे काय ते छापण्याची ताकद फार थोड्या वृत्तपत्रांत होती. मात्र सातच वर्षांत याच दक्षिण टेक्सासमधल्या दोन छोट्या दैनिकांनी राज्यातले दोन मोठे गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले. त्यासाठी दोघांनाही एकाच वर्षी पत्रकारितेतला सर्वोच्च मानला जाणारा पुलित्झर पुरस्कार मिळाला. राजधानीतल्या बड्या वृत्तपत्रांना जे जमले नाही, ते या छोट्या पेपरांना कसे जमले?

‘बॉक्स १३’ प्रकरण नेमके काय होते?

त्या काळात टेक्सासमध्ये एकाच पक्षाचे राज्य होते. डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की मुख्य निवडणूक जिंकल्यातच जमा असे. ऑगस्ट १९४८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी या पक्षांतर्गत निवडणुकीची दुसरी फेरी झाली. एका बाजूला माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन होते, तर दुसऱ्या बाजूला खासदार लिंडन जॉन्सन. सुमारे ९ लाख ८८ हजार मते पडली आणि स्टीव्हन्सन निसटत्या आघाडीवर होते.

सहा दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) ॲलिस या गावातून ‘दुरुस्त’ आकडा आला. मतदान केंद्र क्रमांक १३ मध्ये जॉन्सन यांची २०० मते वाढली होती, स्टीव्हन्सन यांची फक्त दोन. सातचा नऊ झाल्यासारखा हा बदल होता. ज्यांना मतदारयादी पाहता आली, त्यांनी सांगितले की शेवटची सुमारे २०० नावे एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात होती, शिवाय ती चक्क वर्णानुक्रमे लावलेली होती. म्हणजे मतदार रांगेत उभे राहतानाच आद्याक्षराप्रमाणे आले होते, असे मानायचे!

अंतिम फरक ८७ मतांचा, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम ०.००९ टक्के. पक्षाच्या राज्य समितीने २९ विरुद्ध २८ अशा एका मताने जॉन्सन यांच्या विजयावर शिक्कामोर्तब केले. प्रकरण न्यायालयात गेले. पण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी खालच्या न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि चौकशी तिथेच थांबली.

या मागे कोण होते?

सगळी बोटे ॲलिसला लागून असलेल्या ड्युवाल काउंटीकडे वळत होती. तिथे जॉर्ज पार यांचा शब्द चाले. लोक त्यांना ‘ड्युवालचा ड्यूक’ म्हणत. शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळ, काउंटीची तिजोरी, सगळीकडे त्यांचीच माणसे. त्यांचे वडील आर्ची पार राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि ही गादी मुलाकडे वारशाने आली होती.

पार यांची व्यवस्था आपल्याकडच्या वाचकाला चटकन समजेल अशी होती. मतदार बहुतांशी गरीब, मेक्सिकन वंशाचे शेतमजूर. घरात आजारपण आले, मयत झाली, नोकरी हवी असली की मदत ‘ड्यूक’कडूनच मिळायची. टेक्सासमध्ये मत देण्यासाठी तेव्हा ‘पोल टॅक्स’ भरावा लागे. तो गरिबांच्या आवाक्याबाहेरचा होता, त्यामुळे तो भरण्याची सोयही यंत्रणाच करी. मतदानाच्या दिवशी पार यांचे हस्तक लोकांना केंद्रावर घेऊन जात. मायबापाने सांगितले तिथे मत पडायचे आणि काउंटीचा निकाल जवळपास एकतर्फी लागायचा.

बडी वृत्तपत्रे गप्प का होती?

सरसकट सगळी गप्प होती असे नाही, ‘बॉक्स १३’च्या बातम्या छापून आल्याच. मात्र राज्यातल्या मोठ्या वृत्तपत्रांचे मालक आणि राजकारणी यांच्यातली रेषा फार पुसट होती. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’चे मालक जेसी जोन्स हे रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री होते. ‘ह्यूस्टन पोस्ट’ चालवणारे विल्यम हॉबी हे माजी गव्हर्नर. त्यांच्या पत्नी ओव्हेटा कल्प हॉबी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात गेल्या. ऑस्टिनमधले वृत्तपत्र मालक चार्ल्स मार्श हे तरुण जॉन्सन यांचे सुरुवातीपासूनचे पाठीराखे. खुद्द जॉन्सन यांच्या पत्नीने १९४३ मध्ये ऑस्टिनचे ‘केटीबीसी’ हे रेडिओ केंद्र विकत घेतले होते.

बातमीदारांचेही तसेच. ऑस्टिनमध्ये वृत्तसंस्थेसाठी काम करणारा होरेस बझबी हा तरुण पत्रकार १९४८ मध्येच जॉन्सन यांच्या कार्यालयात रुजू झाला आणि पुढे त्यांची भाषणे लिहू लागला. मालक आणि नेता एकाच पंगतीला बसत असतील, तर बातमीदाराने कोणता प्रश्न विचारायचा नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

छोट्या गावातल्या पत्रकारांना धोका किती होता?

जिवाचा. ॲलिसमधले रेडिओ समालोचक बिल मेसन आपल्या कार्यक्रमातून स्थानिक अधिकाऱ्यांवर टीका करत. सॅम स्मिथविक या डेप्युटी शेरीफच्या मालकीच्या जागेत कोणते धंदे चालतात, हे त्यांनी प्रसारणात सांगितले. जुलै १९४९ मध्ये स्मिथविकने त्यांना गोळी घालून ठार केले. पुढे १९५२ मध्ये याच स्मिथविकने तुरुंगातून स्टीव्हन्सन यांना पत्र लिहिले आणि ‘बॉक्स १३’बद्दल आपल्याकडे माहिती असल्याचे सुचवले. स्टीव्हन्सन त्याला भेटण्याआधीच तो कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली.

त्याच वर्षी ॲलिसमध्ये पारविरोधी वकिलाच्या तरुण मुलाचा खून झाला. मारेकऱ्याला वडिलांना मारायचे होते, बळी मुलाचा गेला. अशा गावात रोज सकाळी कोर्टाच्या बातम्या आणायला जायचे, हे काम कॅरो ब्राउन यांच्याकडे होते.

कॅरो ब्राउन यांनी काय केले?

‘ॲलिस डेली एको’ या छोट्या दैनिकात त्या प्रूफरीडर म्हणून लागल्या आणि तिथून बातमीदारीकडे वळल्या. १९५४ मध्ये गव्हर्नर ॲलन शिव्हर्स आणि ॲटर्नी जनरल जॉन बेन शेपर्ड यांनी पार यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. शिव्हर्स आणि पार यांचे राजकीय वैर होतेच. राज्याचे हिशेब तपासनीस आणि टेक्सास रेंजर्स हे पोलीस पथक ड्युवालमध्ये दाखल झाले. शाळांचा पैसा कुठे गेला, धनादेश कोणाच्या नावे निघाले, याचे कागद शोधले जाऊ लागले.

जानेवारी १९५४ मध्ये ॲलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत पार आणि रेंजर्स यांच्यात हातघाई झाली. रेंजर्सचे कॅप्टन आल्फ्रेड ॲली यांनी पार यांच्यावर हात टाकला. कमरेला पिस्तुले असलेल्या माणसांमध्ये त्या वेळी मध्ये पडल्या त्या बातमी घ्यायला आलेल्या ब्राउन. प्रकरण रक्तपातापर्यंत गेले नाही, याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यानंतर त्यांनी बातमीही लिहिली.

ब्राउन यांचे वेगळेपण त्यांच्या सातत्यात होते. रोजची घडामोड आणि तिच्या मागचा तपशील त्या छपाईची वेळ गाठून वाचकांसमोर ठेवत होत्या. पार यांच्या बाजूचा मानल्या जाणाऱ्या जिल्हा न्यायाधीशाला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पदावरून हटवले.  ड्युवालमधल्या एकाधिकारशाहीविरुद्धच्या या लढ्याच्या वार्तांकनासाठी ब्राउन यांना १९५५ चा पुलित्झर मिळाला. वेळेचा दबाव आणि धोकादायक परिस्थिती यांचा पुरस्कार देताना खास उल्लेख झाला.

मग दुसरा पुलित्झर कशासाठी?

दुसरी गोष्ट क्वेरो या गावची. टर्की पक्ष्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातल्या ‘क्वेरो रेकॉर्ड’ दैनिकाचे व्यवस्थापकीय संपादक केनेथ टॉवरी होते. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षे होते. त्यांनी हात घातलेला घोटाळाही माजी सैनिकांच्याच नावावर चालला होता.

टेक्सास सरकारने माजी सैनिकांना जमीन मिळावी म्हणून योजना आणली होती. सरकारने रोखे काढून पैसा उभारायचा, जमीन विकत घ्यायची आणि सैनिकाला ती ३ टक्के व्याजाने, ४० वर्षांच्या हप्त्यांवर द्यायची. मंडळावर तिघे होते : गव्हर्नर, ॲटर्नी जनरल आणि जमीन आयुक्त बॅस्कम जाइल्स. प्रत्यक्ष कारभार जाइल्स यांच्या हाती होता.

घोटाळ्याची पद्धत सोपी होती. दलाल मोठा भूखंड स्वस्तात ताब्यात घ्यायचे. त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका सैनिकाच्या नावे दाखवायचे आणि सरकारला चढ्या भावाने विकायचे. समजा, एकराला ३० डॉलर मोजलेल्या जमिनीचे सरकारकडून ६० डॉलर घेतले, तर मधले ३० डॉलर दलालाच्या खिशात. कर्ज मात्र सैनिकाच्या डोक्यावर. सही करणारे अनेक जण कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन वंशाचे होते आणि त्यांतल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हते. ‘सरकार सैनिकांना फुकट जमीन देतेय, इथे सही कर’ असे त्यांना सांगितले गेले. हप्त्याची बिले घरी आली तेव्हा आपण कर्जदार झाल्याचे त्यांना कळले.

टॉवरी यांना सुगावा कसा लागला?

गावातल्या कुजबुजीतून. एरवी कृष्णवर्णीय मजुरांकडे ढुंकूनही न पाहणारे व्यापारी त्यांची एवढी खातिरदारी का करताहेत, हा प्रश्न त्यांना पडला. काउंटीच्या सरकारी वकिलाचाही तपास सुरू होता. टॉवरी थेट ऑस्टिनला जाइल्स यांच्या कार्यालयात गेले. तिथे एक विचित्र गोष्ट घडली. जे आरोप टॉवरी यांनी केलेच नव्हते, ते जाइल्स स्वतःहून फेटाळू लागले. इथे पाणी मुरतेय, हे तिथेच स्पष्ट झाले.

नोव्हेंबर १९५४ मध्ये पहिली बातमी प्रसिद्ध झाली. जाइल्स नुकतेच पुन्हा निवडून आले होते, पण जानेवारी १९५५ मध्ये ते शपथ घ्यायला आलेच नाहीत. पुढे खटले उभे राहिले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. टॉवरी यांना १९५५ चाच पुलित्झर मिळाला. स्थानिक वार्तांकनाचे दोन पुरस्कार होते, एक वेळेच्या दबावाखालच्या कामासाठी आणि एक सवडीने केलेल्या शोधासाठी. दोन्ही टेक्सासच्या छोट्या दैनिकांकडे गेले.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध काय?

खरी मेख इथे आहे. ॲलिसच्या बातमीत शिव्हर्स आणि शेपर्ड हे भ्रष्ट ‘ड्यूक’शी लढणारे नायक होते. क्वेरोच्या बातमीत हेच दोघे जमीन मंडळाचे सदस्य निघाले. मंडळाच्या बैठकांना ते स्वतः न जाता प्रतिनिधी पाठवत, तरी इतिवृत्तात त्यांची हजेरी लागत असे, असे पुढे आले. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही, पण नाव खराब झाले. तीनदा निवडून आलेले शिव्हर्स १९५६ मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत.

म्हणजे कोणत्याही एका गटाच्या सोयीच्या बातम्या छापायच्या ठरवल्या असत्या, तर यांतली एकच बातमी बाहेर आली असती. दोन गावांतल्या दोन पत्रकारांनी आपापल्या दारातला प्रश्न विचारला, म्हणून वाचकांना दोन्ही बाजू दिसल्या. याच सुमारास, डिसेंबर १९५४ मध्ये ऑस्टिनमध्ये ‘टेक्सास ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक सुरू झाले. राज्यातली बहुतांश दैनिके शिव्हर्स यांच्या बाजूने असल्याने उदारमतवादी डेमोक्रॅट मंडळींनी त्यासाठी पैसा उभारला. २४ वर्षांचे संपादक रॉनी डगर यांनी मात्र आधीच अट घातली, मजकुरावर अधिकार फक्त संपादकाचा.

पुढे काय झाले?

पार यांना टपालाच्या माध्यमातून फसवणूक केल्याच्या आरोपात दोषी ठरवले गेले, पण १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९७५ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात तुरुंग समोर दिसत असताना त्यांनी आत्महत्या केली. टॉवरी पुढे रिपब्लिकन सिनेटर जॉन टॉवर यांच्या कार्यालयात गेले. नेत्याला उघडे पाडणारा बातमीदार नेत्याचाच सहकारी झाला, टेक्सासमध्ये त्याचे कोणाला फार नवल वाटले नाही.

आणि ‘बॉक्स १३’? १९७७ मध्ये असोसिएटेड प्रेसचे बातमीदार जेम्स मँगन यांनी त्या केंद्राचे निवडणूक अधिकारी लुइस सालास यांना बोलते केले. पार यांच्या सांगण्यावरून जॉन्सन यांच्या नावे खोटी मते घातली गेली आणि आपण त्यावर शिक्कामोर्तब केले, अशी कबुली सालास यांनी दिली. तोपर्यंत जॉन्सन यांना जाऊन चार वर्षे झाली होती, पार यांना दोन. पत्रकाराने योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारायला २९ वर्षे लागली.