शास्त्रीय गायनाची मैफल : ऐकावी कशी?

शास्त्रीय गायनाच्या मैफलीला प्रथमच गेलेला आपला भाविक अर्ध्या तासात चुळबुळ करू लागतो. 'शब्द तर कळत नाहीत, मग गाणे सुरू तरी कधी होणार?' असा प्रश्न अनेकांनी आम्हाला विचारला आहे. त्याचे उत्तर असे की, गाणे केव्हाच सुरू झालेले असते.

मैफलीचा पाया म्हणजे तानपुऱ्याचा स्वर. त्या आधारस्वरावर गायक रागाची ओळख करून देतो. उदाहरणार्थ, सायंकाळच्या यमन रागात मध्यम तीव्र लागतो आणि आरोहात षड्ज व पंचम पुष्कळदा वगळले जातात. एवढे ध्यानी ठेवले तरी राग परका वाटत नाही. मग येतो बडा ख्याल, बहुधा विलंबित एकतालात. या तालाच्या मात्रा १२. परंतु लय अतिविलंबित असल्यास एका आवर्तनाला पाऊण मिनिटही लागते. गायक स्वरविस्तार करीत दूर जातो आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, नेमका परततो. तेव्हा जाणकारांच्या माना डोलतात. त्यानंतर द्रुत लयीतील छोटा ख्याल तानांनी रंगतो. तो अनेकदा १६ मात्रांच्या त्रितालात असतो.

शब्द इतके थोडे का? आपल्याच परंपरेत याचे उत्तर आहे. ग्रेगोरियन गायनात 'आलेलुया'च्या अखेरच्या अक्षरावर दीर्घ स्वरमालिका गायिली जाते. आनंद शब्दांत मावेनासा झाला की अंतःकरण शब्दांवाचून गाऊ लागते, अशा आशयाचे विवेचन संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील भाष्यात केले आहे. आकारातील तान ऐकताना हे आठवावे.

बंदिशींत राधा-कृष्ण येतात, ते आपण कसे ऐकावे, अशीही शंका काही जण घेतात. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांनी सवाई गंधर्वांना विद्या दिली आणि सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशी (निधन २०११) यांना. याच गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला. मुसलमान गुरूची विद्या हिंदू शिष्यांनी वाढविली. त्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा सोडावी लागली नाही.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगितले. मान द्यायचा तर आधी ऐकावे लागते. मात्र एक भेद विसरू नये. मैफलीत श्रोते गायकाला दाद देतात. मिस्सामध्ये गायन प्रार्थनेची सेवा करते आणि भाविकांनीही गावे अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा आहे. ज्या गायनवृंदाच्या कौशल्यापुढे सारे मंदिर मुके होते, त्याने मैफल जिंकली तरी उपासना हरवली.

आमच्या धर्मग्रामांतील तरुण गायकांना आमची एवढीच विनंती आहे : एखाद्या संध्याकाळी मध्येच न उठता एक राग अखेरपर्यंत ऐका. सम कुठे येते ते बोटांवर मोजा. मौन राखून ऐकण्याची जी सवय तिथे लागेल, ती रविवारी वेदीसमोरही उपयोगी पडेल.