राखेचे बळ

वीजकेंद्रात दगडी कोळसा जळाला की धुराबरोबर पिठासारखी बारीक राख उडते. उघड्यावर साचली तर ती शेते व ओढे बिघडविते. विद्यार्थिमित्रांनो, हीच राख सिमेंटच्या काही भागाची जागा घेऊ शकते, हे आम्ही येथे सांगू इच्छितो. सिमेंट पाण्यात कालविले असता चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून नवे बंधक द्रव्य बनविते. अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात (१९५३) ती वापरली गेली. भारतीय मानकानुसार अशा सिमेंटात १५ ते ३५ टक्के राख असते. तितका चुनखडक भाजणे वाचते. मात्र हिचे बळ सावकाश येते. साध्या काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते, तर यावर १०. एवढा धीर न धरल्यास दोष राखेचा नव्हे, आपला होय.