समजून घ्या : भाटघरला गळ टाकायला जाताय? हलका स्पिनिंग रॉड घेण्याआधी त्यावरचे आकडे वाचा

नसरापूर, कामथडी, कापूरहोळ. पुणे-सातारा महामार्गावरच्या या पट्ट्यातून एक रस्ता वेल्ह्याकडे फुटतो, दुसरा भोरकडे. दोन्ही रस्ते पाण्याकडेच जातात. एकीकडे गुंजवणी, दुसरीकडे भाटघर आणि नीरा देवघर. साहजिकच सुट्टीच्या दिवशी हौशी गळवाल्यांची पावलं इकडे वळतात.

नवीन माणूस रॉड घेताना बहुतेक वेळा तीन गोष्टी बघतो : किंमत, रंग आणि 'किती किलोचा मासा ओढेल?' खरं तर यातला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न आहे, 'मी किती ग्रॅमचं आमिष फेकणार आहे?' त्याचं उत्तर मिळालं की रॉड निवडणं निम्मं सोपं होतं. चुकलं तर पैसे जातात, रॉड मोडतो आणि कधी कधी तोंडात गळ अडकलेला मासा दोरा तोडून निघून जातो.

ल्युअर फिशिंग म्हणजे काय?

गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून वाट बघत बसणं ही आपली ओळखीची पद्धत. ल्युअर फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. चकाकणारा धातूचा चमचा म्हणजे स्पून, फिरत्या पात्याचा स्पिनर, छोट्या माशासारखा दिसणारा मिनो किंवा रबराचा मऊ मासा. ते फेकायचं, रीळ फिरवत ओढून आणायचं, पुन्हा फेकायचं. एका सकाळी शंभरेक वेळा फेकणं होतं. म्हणून इथे रॉडचं वजन आणि लवचीकपणा दोन्ही महत्त्वाचे ठरतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. रोहू-कटला यांसारखे मासे ल्युअरमागे सहसा धावत नाहीत. ल्युअरवर येतात ते शिकारी वृत्तीचे मासे : मरळ, शिवडा, महाशीर. लहान स्पिनरवर अधूनमधून चिलापीही येते.

रॉडवर लिहिलेलं कसं वाचायचं?

मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरात चार गोष्टी छापलेल्या असतात.

लांबी : ६ फूट, ६ फूट ६ इंच, ७ फूट वगैरे. लांब रॉडने आमिष दूर जातं. आखूड रॉड झाडीत वापरायला सोपा.

पॉवर : यूएल म्हणजे अल्ट्रा लाइट, एल म्हणजे लाइट, एमएल म्हणजे मीडियम लाइट, एम म्हणजे मीडियम. रॉड वाकवायला किती जोर लागतो, ते यावरून कळतं.

ॲक्शन : फास्ट, मॉडरेट वगैरे. रॉड कुठून वाकतो, ते हा शब्द सांगतो. फास्ट रॉड मुख्यतः शेंड्याकडे वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत. पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात बऱ्याचदा यांचीच गल्लत होते.

ल्युअर वेट : ३-१० ग्रॅम, ५-१५ ग्रॅम असा आकडा. सगळ्यात महत्त्वाचा हाच. काही रॉडवर तो औंसात असतो. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणून १/४ औंस म्हणजे ७ ग्रॅम.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? रॉड ही एक स्प्रिंग आहे. मागे नेऊन पुढे झटका दिला की आमिषाच्या वजनाने रॉड वाकतो, त्यात ऊर्जा साठते आणि सरळ होताना तीच ऊर्जा आमिषाला फेकते. ५-१५ ग्रॅमच्या रॉडला २ ग्रॅमचा स्पिनर लावला तर रॉड वाकतच नाही आणि स्पिनर जवळच पडतो. त्याच रॉडला ३० ग्रॅमचा स्पून लावून पूर्ण जोरात फेकला तर रॉड मोडू शकतो.

पॉवरची अक्षरं सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात. एकीचा 'लाइट' दुसरीचा 'मीडियम लाइट' असू शकतो. म्हणून अक्षरापेक्षा ग्रॅमवर भरवसा ठेवा. आणि आमिषाचं वजन मोजताना सगळं धरा. ५ ग्रॅमचा जिग हेड आणि त्यावर ४ ग्रॅमचा रबरी मासा म्हणजे ९ ग्रॅम.

कामथडीच्या आसपास कुठल्या पाण्याला कुठला रॉड?

शिवगंगा, गुंजवणी यांसारख्या लहान नद्यांना काठावर झाडी असते आणि पात्र अरुंद असतं. इथे दूर फेकायची गरज नसते. ६ ते ६.५ फुटांचा, ३-१० ग्रॅमचा लाइट रॉड आणि ३ ते ७ ग्रॅमचे स्पिनर पुरतात.

भाटघरचं गणित वेगळं आहे. वेळवंडी नदीवर १९२८ मध्ये पूर्ण झालेलं, सुमारे २३.५ टीएमसी क्षमतेचं हे धरण. याच्या जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. पावसाळ्याअखेर बॅकवॉटर भरलेलं असतं, कडेचं गवत पाण्यात बुडतं आणि मासे काठाजवळ असतात. एप्रिल-मेमध्ये हेच पाणी खूप आत सरकतं, मधे गाळ उघडा पडतो आणि वारा सुटतो. तेव्हा आमिष दूर जायला हवं. इथे ७ फुटांचा, ५-१५ ग्रॅमचा मीडियम लाइट रॉड कामाला येतो. ७ ते १२ ग्रॅमचा स्पून वाऱ्यातही बऱ्यापैकी सरळ जातो.

दोन्हीकडे एकच रॉड न्यायचा असेल तर ६.५ ते ७ फूट, ५-१५ ग्रॅम, ॲक्शन मॉडरेट-फास्ट. पहिल्या रॉडसाठी ही निवड सुरक्षित आहे.

हलका रॉड कुठे घेऊ नये?

गवत-पाणवनस्पतीत दडलेल्या मरळीसाठी. मरळ आमिष धरते आणि थेट गवतात घुसते. तिला लगेच बाहेर ओढावं लागतं, तेवढा जोर हलक्या रॉडमध्ये नसतो. दोरा तुटतो, गळ माशाच्या तोंडात राहतो आणि गवतात अडकलेल्या दोऱ्यात पाणपक्षी गुंततात. तिथे मीडियम हेवी रॉड आणि जाड ब्रेडच हवा.

महाशीरचंही तसंच. या माशाचं पुण्याशी जुनं नातं आहे. दख्खनी महाशीरची शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, ती मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याचं 'टॉर खुद्री' हे नाव इथलंच. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार केली जातात. असा मासा हलक्या रॉडवर लागला तर झुंज लांबते, मासा पार दमतो आणि सोडून दिला तरी तगेलच असं नाही. महाशीर लागला तर लवकर जवळ घ्या, हात ओले करून धरा आणि शक्यतो पाण्यातच सोडा.

कार्बन की फायबरग्लास?

कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा साधारण तिप्पट ताठ असतो. मानक कार्बन तंतूचा यंग मॉड्युलस सुमारे २३० गिगापास्कल, काचेचा ७० च्या आसपास. शिवाय कार्बन वजनालाही हलका. म्हणून कार्बनचा रॉड बारीक, हलका असतो आणि माशाने आमिषाला नुसता धक्का दिला तरी हाताला कळतो.

पण जितका ताठ तितका नाजूक. बाईकच्या कॅरिअरवर घासून ओरखडा पडला किंवा धातूचा स्पून जोरात आपटला की तिथे कमकुवत जागा तयार होते आणि रॉड पुढे कधीतरी नेमका तिथेच मोडतो. नवशिक्यांसाठी कार्बन आणि ग्लासच्या मिश्रणाचा रॉड जास्त सोशिक.

'आयएम-६', 'आयएम-७' अशा छापांना फार भुलू नका. ती मुळात हेक्सेल कंपनीच्या कार्बन तंतूंची नावं आहेत. रॉड किती चांगला बांधलाय, हे त्यावरून कळत नाही.

रीळ आणि दोरा कोणता?

हलक्या रॉडला २००० किंवा २५०० मापाचं स्पिनिंग रीळ पुरेसं. रीळ जड असेल तर हलका रॉड घेण्याचा फायदाच जातो.

दोऱ्याचे दोन मुख्य प्रकार. मोनो ताणला जातो, म्हणून नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. ब्रेड बारीक असतो, दूर जातो, पण जवळपास ताणला जात नाही. ब्रेड वापरायचा तर पुढे हातभर तरी मोनो किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर जोडा.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटण्याचा ताण, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. १० पाउंडचा दोरा म्हणजे साधारण ४.५ किलो, त्यामुळे ड्रॅग १.१ ते १.५ किलो. घरातल्या सामान मोजायच्या हुक असलेल्या काट्याने हे दोन मिनिटांत तपासता येतं.

दुकानात काय तपासायचं?

* एक डोळा मिटून मुठीकडून शेंड्याकडे बघा. सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात.
* प्रत्येक कडीतून कापूस फिरवा. धागे अडकले तर कडीला तडा आहे आणि ती दोरा कापणार.
* आपलं रीळ लावून बघा. तोल रिळाजवळ राहिला तर मनगट कमी दुखतं.
* दोन तुकड्यांचा ७ फुटी रॉड बंद केल्यावर साडेतीन फुटांच्या आसपास होतो. बाईकवर न्यायला तो ठीक. टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो, पण त्याला जोड जास्त आणि लवचीकपणा कमी एकसारखा.
* सगळं बजेट रॉडवर घालवू नका. चांगल्या रॉडवर निकृष्ट दोरा लावला तर तुटणार दोराच.

पाण्यावर जाण्याआधी

धरणांतल्या मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांचं पोट त्यावर असतं. म्हणून हौशी माणसानेही आधी गावात विचारावं, परवानगी घ्यावी आणि लावलेल्या जाळ्यांपासून लांब राहावं.

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा धरू नका. वळवाचे किंवा परतीच्या पावसाचे ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जा.

भाटघरला स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात धरण भरल्यावर खालच्या पात्रात पाणी अचानक वाढतं, तिथे उतरू नका. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. एकटे जाऊ नका.

थोडक्यात

आधी पाणी ठरवा, मग मासा, मग आमिषाचं वजन आणि शेवटी रॉड. दुकानदाराने 'हा दहा किलोचा मासा काढतो' असं सांगितलं तर एवढंच विचारा, 'हा किती ग्रॅम फेकतो?' उत्तर रॉडवर छापलेलं नसेल तर तो रॉड घेऊ नका.